हॉलमधला आपटा

आमच्या हॉलमधल्या झाडाचा मला पहिल्यापासून संशय होता, पण सासूबाई असेपर्यंत तो मी बोलून दाखवला नाही. बोलले असते तर त्यांनी माझ्यावरच उलटा संशय घेतला असता, की हिला झाड घराबाहेर काढायचंय. आमच्या घरात संशयाचा तुटवडा कधीच नव्हता. दुधात पाणी किती, इस्त्रीवाल्याने साडी बदलून दिली का, मी चहात साखर मुद्दाम कमी घातली का, हे सगळं सासूबाई पारखून घेत. आणि मी तर पगारच त्याचा घेत होते. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात माझी सगळी नोकरी तपासणी विभागात गेली. येणारा प्रत्येक भाग सदोष आहे असं धरून चालायचं आणि तसा नाही हे सिद्ध झालं तरच पुढे सोडायचा. ही सवय निवृत्तीच्या दिवशी गेटवर जमा करून येता येत नाही.

झाड आपट्याचं होतं. म्हणजे तसं सांगितलं जाई. माझं सासर सांगली जिल्ह्यातलं. गावाच्या वेशीबाहेर एक जुना आपटा होता आणि दसऱ्याला गाव सीमोल्लंघनाला निघालं, की त्याची पहिली फांदी उतरवायचा मान आमच्या घराचा. माझे सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, पाटबंधारे खात्यात होते. बदली कुठेही असो, दसऱ्याला ते गावात हजर. पुढे रस्ता रुंद झाला आणि त्यात तो आपटा गेला. त्याच सुमाराला आबा आणि सासूबाई गावचं घर बंद करून आमच्याकडे बंगळूरला राहायला आले. येताना आबांनी त्या झाडाच्या शेंगांतलं बी रुमालाच्या गाठीत बांधून आणलं आणि बनशंकरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या खिडकीशी, कुंडीत पेरलं. त्यातून हे झाड उगवलं, असा घरातला इतिहास.

आता आपटा आणि कांचन यांतला घोळ मराठी माणसाला नवा नाही. पुण्या-मुंबईच्या बाजारात दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पानं राजरोस खपतात. दोन्हींचं पान मधोमध चिरलेलं, जोडपान. पण आपट्याचं पान लहान, जाड, हाताला खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं, पातळ आणि चीर खोल. आमच्या झाडाचं पान माझ्या तळव्याएवढं होतं आणि कागदासारखं पातळ. मी एकदा सहज म्हणाले होते, "आबा, पान जरा मोठं नाही का हो?" तर आबा लगेच म्हणाले, "सावलीतलं झाड आहे. ऊन मिळालं नाही की पान पसरतं." हे शास्त्राला धरूनच होतं. सावलीत वाढलेली पानं खरोखरच मोठी आणि पातळ होतात. पण उत्तर फार तयार होतं. पुरवठादाराकडे असं आधीच घडी करून ठेवलेलं उत्तर असलं, की मी तो भाग हटकून पुन्हा तपासायला घ्यायची.

तरी वर्षं गेली, कारण दसरा छान व्हायचा. इथले लोक दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची पानं देतात. समोरच्या दारातले धारवाडकडचे शेजारी दर वर्षी वाटीत बन्नी घेऊन येत आणि "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण", म्हणजे बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या, असं म्हणत आबांच्या पाया पडत. त्यांच्या पाठोपाठ माझ्या नवऱ्याच्या जुन्या कंपनीतली मराठी कुटुंबं, महादेवपुऱ्याहून तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून येणारी कॉम्प्युटरवाली नवी जोडपी. "काका, ओरिजिनल आपटा फक्त तुमच्याकडे," असं ती म्हणत आणि कुंडीशी फोटो काढत. आबा धोतर नेसून खुर्चीत बसत आणि एकेक पान प्रत्येकाच्या हातावर ठेवत. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." सासूबाई शेजारी उभ्या राहून कोण किती वाकलं ते बघत.

सासूबाई गेल्या आणि त्यानंतर काही वर्षांनी शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर पाच मजली इमारत उभी राहिली. खिडकीतला उजेड गेला. झाडाचा शेंडा छताला टेकून वाकला होता, तो आता पिवळा पडला. पानांच्या बेचक्यांत पांढरी, कापसासारखी कीड बसली. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एकदाचं तोंड उघडलं. "एक तर हे छाटून बोन्साय करा, नाही तर खाली कंपाऊंडमध्ये लावून टाका. असं तिष्ठत ठेवण्यात अर्थ नाही." बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, पण तिथे वॉशिंग मशीन आणि कपड्यांचे दांडे. उथळ कुंडीतलं गुडघ्याएवढं झाडच तिथे मावलं असतं. गच्चीवर सोलरचे पत्रे आणि असोसिएशनचं कुलूप. आबांचे गुडघे गेलेले. दवाखान्यापलीकडे ते कुठे उतरत नाहीत. झाड खाली गेलं म्हणजे आबांच्या हातचं गेलं.

बोन्साय व्हायला झाड आधी ओळखायला हवं, हे मला आमच्या भागातल्या एका बाईंनी सांगितलं. बँकेतून निवृत्त झालेल्या, कन्नड, आपल्या गच्चीवर रविवारी बोन्सायचे वर्ग घेणाऱ्या. आमचं बोलणं कन्नड-इंग्रजीच्या खिचडीत चाले. त्यांच्याकडे तारेची भेंडोळी आणि उथळ कुंड्यांची चळत पाहून मला वाटलं, या बाई काय, बांबूचंसुद्धा बोन्साय होतं म्हणून सांगतील. पण त्या म्हणाल्या, "सरी," म्हणजे बरं, "आधी पान आणा. आपटा असेल तर प्रयत्न करू. त्याचं खोड छान राकट होतं, पान लहान राहतं. कांचन असेल तर नाद सोडा. पान काही केल्या लहान होत नाही, आणि फांदी कापली की कापल्या जागेपासून मागे वाळत जाते. मुळं छाटलेली तर त्याला अजिबात खपत नाहीत." आणि वर म्हणाल्या, "शिवाय हॉलमध्ये बोन्साय ठेवायचं नसतं. पाहुणे आले की आत आणायचं, ते गेले की परत उन्हात." कुंड्या विकणारी बाई कुंडी घेऊ नका म्हणते म्हटल्यावर तिच्यावरचा माझा संशय थोडा उतरला.

म्हणजे प्रश्न एकच होता, आपटा की कांचन. आपटा असेल तर झाड घरात राहील आणि आबांचा दसराही. कांचन असेल तर झाड जाईल, आणि आजवर आबांनी इतक्या श्रद्धेने वाटलेलं सगळं सोनं खोटं ठरेल. या वयात त्यांना हे सोसेल का, याची मला खरोखर धास्ती होती.

मी तपासाला लागले. फोनमध्ये झाड ओळखणारं ॲप घेतलं. एका फोटोला त्याने कांचन सांगितलं, दुसऱ्याला कुठलंसं परदेशी नाव, आणि तिसऱ्या फोटोत पाठीमागे भिंतीवरची वायर आली होती तर त्याला वेल म्हणालं. अशा यंत्राचा दाखला मी नोकरीत असताना केराच्या टोपलीत टाकला असता. मग पान तोडून बाईंकडे न्यायचं ठरवलं. दुपारी हात लावला तर आबा पेपराआडून म्हणाले, "आज अमावस्या आहे." दुसऱ्या दिवशी कामात संध्याकाळ झाली, तर म्हणाले, "दिवेलागणीला झाडाला हात लावू नये." तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्चीच कुंडीला टेकवून घेतली. मी गळलेलं एक पान उचलून वर्तमानपत्रात दाबून ठेवलं. ते नाहीसं झालं. संध्याकाळी केराच्या डब्यात चहाच्या चोथ्याखाली सापडलं, चुरगाळलेलं.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "त्यांना झाड कापायचं नाहीये, एवढंच." मला ते पटलं नाही. ज्याला कापण्याची भीती आहे तो कात्री लपवेल, पान कशाला लपवेल? आबांना भीती कापण्याची नव्हती, ओळख पटण्याची होती. पण का?

मग माझं डोकं सासूबाईंकडे वळलं, आणि तिकडे ते नेहमीच पटकन वळायचं. आमच्या रस्त्याला दुतर्फा कांचन आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या शेंगा तडकतात आणि बिया फुटपाथभर उडतात. सासूबाई रोज सकाळी फिरायला जात आणि कधी रिकाम्या हातांनी परत येत नसत. पूजेची फुलं, कुणाच्या कुंपणावरची गोकर्ण, पडलेलं जांभूळ, सगळं पदरात. पान मोठं आहे असं मी म्हणाले त्या दिवशी त्या स्वयंपाकघरातून तडक बाहेर आल्या होत्या. "तुला काय कळतंय आपट्यातलं? तुमच्या सोलापुरात सावलीला तरी झाड आहे का?" एवढ्या रागाचं तेव्हा मला कारण दिसलं नव्हतं. आता दिसायला लागलं. आबांनी रुमालातून आणलेलं बी कधी उगवलंच नसावं. या बाईने त्यात गुपचूप कांचनाचं बी सारलं आणि नवऱ्याला आयुष्यभर फसवलं. आणि बिचारे आबा, त्यांना हल्ली कुठेतरी शंका आली असावी आणि ती खरी ठरेल म्हणून ते पानं दडवत असावेत. असा मी निकाल लावून टाकला, आणि खरं सांगायचं तर सासूबाई मेल्यानंतरही सापडल्या याचं मला थोडं बरं वाटलं.

यांनी दरम्यान परस्पर बोन्सायच्या बाईंनाच घरी बोलावलं. रविवारी सकाळी वर्गाआधी येऊन झाड पाहते म्हणाल्या. शनिवारी दुपारी हे भाजी आणायला गेले होते. मी धान्य निवडत बसले होते, तेवढ्यात आबांनी हाक मारली.

"सूनबाई, जरा बस इथं."

मी ताट घेऊन समोर बसले.

"उद्या ती बाई येऊन काय सांगणार?"

"झाड कोणतं ते सांगतील, आबा. मग ठरवू काय करायचं ते."

"कांचन आहे," आबा म्हणाले. "त्यात सांगायचं काय त्यांनी?"

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पाणी आलं का विचारावं तसा.

"तुम्हाला कधी कळलं?"

"उगवलं तेव्हाच. मी बी कुंडीच्या मधोमध पुरलं होतं. कोंब आला कडेला. आणि तुझ्या सासूच्या नखांत माती. ती कधी मातीत हात घालायची का, सांग बघू? तुळशीला पाणीसुद्धा लांबून घालायची."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"काय बोलू? पाऊसकाळ सरला तरी माझं बी उगवेना. मी रोज माती उकरून बघायचो. गाव सुटलेलं, झाड गेलेलं, इथं कोण ओळखीचं न्हाई. जेवण उतरायचं न्हाई घशाखाली. ती बघत होती सगळं, बोलत नव्हती. एक दिवस सकाळी चहा ठेवता ठेवता हाक मारली, अहो, इकडं या, उगवलं बघा. तोंड बघायला हवं होतंस तिचं. मी म्हटलं, आपटाच की गं."

"त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही? तुम्हाला माहीत आहे ते?"

"कशाला कळू द्यायचं? दवाखान्यातसुद्धा विचारायची, झाडाला पाणी घातलं का म्हणून. आपण ह्यांना त्यांचं झाड परत दिलं, असं होतं तिच्या मनात. ऱ्हाऊ दे की."

विळीच्या धारेचं बोलणं होतं माझ्या सासूचं. मी तिच्याबद्दल इतकी वर्षं बारीकसारीक पुरावे गोळा केले, आणि माझा निकाल चुकला होता असंही नाही. बी तिनेच टाकलं होतं. पण तिने ते का टाकलं असेल, हा प्रश्न माझ्या तपासणीत कुठे आलाच नव्हता. मला रडू आलं आणि ते आबांना दिसू नये म्हणून मी ताटातल्या तांदळात बोटं फिरवत राहिले.

"झाड खाली लावा," आबा म्हणाले. "इथं मरायला लागलंय ते. मला त्याचं काही न्हाई. पण उद्या त्या बाईनं सगळ्यांदेखत कांचन म्हटलं, तर घरात काय बोलणं होईल? म्हातारीनं फसवलं, हेच. दर दसऱ्याला तेच निघेल, हसत हसत का होईना. ती खोटी पडायला नको. तू शहाणी आहेस, बघ काय ते."

इतके दिवस मी समजत होते की आबांना झाड जपायचंय. त्यांना झाडाचं नाव जपायचं होतं.

मी बोन्सायच्या बाईंना फोन केला आणि येऊ नका म्हणाले. "कांचन निघालं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "नाही, आपटाच आहे. पण आम्हाला कापवत नाही." मग त्या "सरी" म्हणाल्या. त्यांना पटलेलं नव्हतं. समोरच्याला पटलेलं नाही हे आवाजावरून ओळखणं मला येतं. यांना मी सांगितलं की आपट्याचं बोन्साय होतं, पण इतक्या जुन्या आणि आजारी झाडाचं नको असं बाईंचं मत पडलं. "न बघताच?" हे म्हणाले. "फोटो पाठवला होता," मी म्हणाले. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून कुकर लावायला गेले, जेवणाला अजून अवकाश होता तरी.

पावसाच्या तोंडावर झाड खाली कंपाऊंडच्या कोपऱ्यात लावलं, आमच्या बाल्कनीतून नीट दिसेल असं. शेंडा छाटावा लागला. महिनाभर ते मेल्यासारखंच उभं होतं, मग फुटलं. त्या दसऱ्याला मी खालून पानं तोडून आणली, आबांनी ती वाटली आणि कुणी काही बोललं नाही. माणसं दसऱ्याला पान बघत नाहीत, पान देणाऱ्याकडे बघतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी निर्धास्त झाले.

निर्धास्त व्हायला नको होतं. पुढच्या वर्षभरात झाडाने वेडा जोर धरला. उघड्यावर आलं, भरपूर ऊन मिळालं, आणि पानं होती तेवढीच मोठी राहिली. सावलीची सबब संपली. येणारीजाणारी कुणी पानाला हात लावला की मी बाल्कनीतून बघत राही. मग नवरात्र बसलं आणि झाडावर कळ्या दिसल्या. आपट्याचं फूल पांढुरकं, बारीक, लक्षही जाणार नाही असं. घटाच्या चौथ्या-पाचव्या माळेला आमच्या झाडावर तळव्याएवढी गुलाबी-जांभळी फुलं उमलली, आणि दसऱ्यापर्यंत झाड भरून गेलं. रस्त्यावरच्या कांचनांनाही तीच फुलं आली होती. आंधळ्यालासुद्धा नातं दिसलं असतं.

दसऱ्याच्या दुपारी मी बाल्कनीच्या दाराचा पडदा ओढून घेतला. आबा धोतर नेसून खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "पडदा उघड."

"आबा, लोक येतील आता."

"येऊ देत. उघड."

मी उघडला. आधी समोरचे शेजारी बन्नी घेऊन आले, मग महादेवपुऱ्याची मंडळी. हॉल भरला. बोलता बोलता कुणी ना कुणी दाराशी जाई, खाली बघे, आणि माझा जीव वर-खाली होई. हेही एकदा तिकडे गेले, बराच वेळ उभे राहिले आणि पाणी प्यायला आत गेले. शेवटी मागच्या इमारतीतल्या एक मराठी आजी आल्या. सासूबाईंच्या सकाळच्या फिरण्यातल्या सोबतीण. त्या गेल्यापासून या क्वचितच यायच्या. काठी टेकत त्या सरळ बाल्कनीपाशी गेल्या आणि खाली वाकून पाहिलं. त्यांना झाडांतलं कळतं हे मला माहीत होतं, आणि त्यांचं तोंड फटकळ आहे हेही. मी हातातलं ताट घट्ट धरून उभी राहिले.

त्या परत आल्या, आबांसमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला.

"आपटा चांगला फुललाय हो यंदा," त्या म्हणाल्या.

सगळा हॉल ऐकत होता. यांनी आतून मान बाहेर काढली. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. आबांनी ताटातलं त्यातल्या त्यात मोठं पान निवडलं आणि त्यांच्या तळव्यावर ठेवलं. दर वर्षी ते बियांची आणि रुमालाची गोष्ट सांगत. या वेळी सांगितली नाही.

"आमच्या मंडळींनी लावलंय ते," आबा म्हणाले.